पॉवर स्टेशन व्हॅनमध्ये चालतं, मग बोटीत का नाही?

हा भाग फसलेल्या सुरमईचा आहे. डिसेंबरमध्ये आम्ही चौघे मित्राच्या कॅम्पर व्हॅनमधून पुण्याहून हर्णैला गेलो होतो. आत दोन बेड, एक ओटा आणि १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज. व्हॅनची घरगुती बॅटरी, म्हणजे दिवे-पंखे-फ्रीज चालवणारी, थकलेली होती. म्हणून फ्रीज आम्ही नव्याकोऱ्या १००० वॉट-अवरच्या पोर्टेबल पॉवर स्टेशनला लावला. झोपताना स्क्रीनवर ८२ टक्के, सकाळी ८० टक्के. किती कमी वीज खातो बघा, म्हणून आम्ही खूश! मग फ्रीज उघडला. (हसतो) वासावरूनच कळलं.

झालं काय होतं? आत पुरेसं गार झालं की फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबतो. मग फ्रीज जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. पॉवर स्टेशनला वाटतं, कुणी वापरत नाहीये, आणि स्वतःची वीज वाचवायला ते आउटपुट बंद करतं. बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय असते आणि ती ॲपमधून बंद करता येते किंवा वेळ वाढवता येते. आमच्यात ती वेळ अगदी कमी ठेवलेली होती. थंडीची रात्र, गच्च भरलेला फ्रीज, कॉम्प्रेसर बराच वेळ थांबला, आणि संपलं.

आमचं नुकसान दीड किलो सुरमईचं. पण बंदरावर एका तांडेलाने तो डबा बघून विचारलं, "हा बोटीवर चालंल का?" तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा बिल्ज पंप आला. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा पंप. त्याला एक तरंगता स्विच असतो. पाणी चढलं की स्विच वर जातो, पंप सुरू. पाणी नसेल तर पंप तासन्‌तास, कधी दिवसभर, काहीच करंट घेत नाही. आता तो पॉवर स्टेशनवर लावलाय अशी कल्पना करा. डबा झोपी गेला, रात्री कुठून तरी पाणी झिरपलं, स्विच वर गेला, आणि मागे वीजच नाही. म्हणून बिल्ज पंप कायम बोटीच्या बॅटरीला, थेट, स्वतःच्या फ्यूजमधून. यात तडजोड नाही. पॉवर स्टेशनवर मोबाइल, दिवा, लॅपटॉप खुशाल लावा. फक्त डबा कोरड्या जागी ठेवा, कारण बहुतेक पॉवर स्टेशन खारं पाणी सोडाच, साधा पाऊससुद्धा सहन करत नाहीत.

आता जोडणीचं. अनेकांना वाटतं, दोन्ही १२ व्होल्ट, मग वायर लावून टाकू, एकाने दुसऱ्याला भरू दे. असं करू नका. पॉवर स्टेशनचं १२ व्होल्टचं सॉकेट साधारण १० अँपिअर देतं, आणि त्याचा व्होल्टेज बांधलेला असतो, बहुधा १३ च्या आसपास. रिकामी बॅटरी त्याहून जास्त ओढायला बघते आणि सॉकेट ट्रिप होतं. नाही झालं तरी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात, ते यातून मिळत नाहीत. इंजिनाला स्टार्टर मारायचं तर विसराच, तिथे शेकडो अँपिअर लागतात. बॅटरी भरायचीच असेल तर पॉवर स्टेशनच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला त्या बॅटरीच्या प्रकाराला चालणारा चार्जर लावा. यात वीज डीसीची एसी आणि पुन्हा डीसी होते, दोन्ही वेळा थोडी वाया जाते. १००० मधले ७००-७५० बॅटरीत पोचले तरी मी समाधान मानेन.

उलट दिशेला, गाडीवरून डबा भरायचा, तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून जेमतेम १०० वॉट मिळतात. म्हणजे १००० वॉट-अवरसाठी दहा तासांहून जास्त, तेही इंजिन चालू असताना. इंजिन बंद करून लावून ठेवलं तर? १२ व्होल्टला १००० वॉट-अवर म्हणजे ८० अँपिअर-अवरच्या वर. बऱ्याच गाड्यांची अख्खी बॅटरी एवढी नसते. सकाळी डबा फुल्ल आणि गाडी ढकला! रोजचा प्रवास असेल तर अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जर बसवून घ्या. ५०० वॉटला चाळीसेक अँपिअर वाहतात, त्यामुळे जाड केबल हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. हे काम मीही इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेईन, बीटेक असलो तरी.

तुमच्याकडे पॉवर स्टेशन असेल तर आज रात्री एक प्रयोग करा. त्यावर फक्त एक छोटा एलईडी लावून झोपा, आणि सकाळी तो चालू होता का बंद, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. मॉडेलचं नावही सांगा, पुढच्या भागात यादी वाचतो.