गावाची मोजणी गावाकडे हवी

वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 97 हजार 160. जिल्हा परिषदेच्या आराखड्यात, पाणीपुरवठ्याच्या प्रस्तावात, आरोग्य विभागाच्या मागणीपत्रात, कुठेही पाहिलं तरी आधाराला हाच आकडा सापडतो. तो 1 मार्च 2011 चा आहे. त्या दिवशी जन्मलेलं मूल आज दहावीच्या उंबरठ्यावर आहे किंवा तो ओलांडून गेलं आहे. दरम्यान समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून गेला आणि वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 2021 ची जनगणना कोरोनामुळे लांबली आणि आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ही ठरली आहे. म्हणजे दोन मोजण्यांमध्ये पूर्ण 16 वर्षांचं अंतर. या अंतराचा दोष एकट्या दिल्लीवर टाकून भागणार नाही. आपल्या हद्दीत माणसं किती राहतात, हे नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतीला दरवर्षी स्वतःच्या बळावर सांगता आलं पाहिजे. त्यासाठी लागणारी बहुतेक यंत्रणा वाशीमसारख्या जिल्ह्यातही आज उभी आहे. तिच्या नोंदींची बेरीज करण्याची जबाबदारी मात्र कुणावरच नाही.

या आकड्यावर काय काय अवलंबून असतं ते आधी पाहू. महाराष्ट्रात नगरपरिषदेचा वर्ग लोकसंख्येवर ठरतो: एक लाखाच्या वर ‘अ’, 40 हजार ते एक लाख ‘ब’ आणि त्याखाली ‘क’. वाशीम शहर 2001 मध्ये 62,863 लोकांचं होतं, 2011 मध्ये ते 78,387 झालं. दहा वर्षांत जवळपास 25 टक्के वाढ. हाच वेग पुढे टिकला असेल तर 2026 पर्यंत शहर एक लाख नऊ हजारांच्या आसपास पोहोचलेलं असणार. वेग मंदावला असेल तर ते अजून लाखाच्या आतच असेल. 2011 चा आकडा आणि एक लाख नऊ हजारांचा हा अंदाज यांत फरक सुमारे 30 हजार माणसांचा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी रोज 135 लिटरचा निकष लावला तर एकबुर्जी धरणातून दररोज 41 लाख लिटर पाणी जास्त उचलायचं की नाही, इतका मोठा प्रश्न या फरकात दडलेला आहे. सपाट प्रदेशात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 5 हजारांमागे एक उपकेंद्र, हजारामागे एक आशा हे निकषही लोकसंख्येवरच चालतात. रेशनचं तर आणखी कठीण. अन्नसुरक्षा कायद्याने राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक दिला तो 2011 च्या लोकसंख्येवर. त्यामुळे तालुक्याचा इष्टांक भरला की पात्र कुटुंबालाही कुणाचं तरी नाव कमी होण्याची वाट पाहावी लागते.

दहा वर्षांनी एकदा मोजल्यावर काय हातातून निसटतं, याचा दाखला वाशीमच्याच इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातला ‘बाशीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. 1901 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 3,53,410 भरली. आधीच्या दशकाच्या तुलनेत ती 11 टक्क्यांनी घटली होती आणि कारण होतं दुष्काळ. 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांनी हा मुलूख पिळून निघाला होता. पण 1891 आणि 1901 या दोन आकड्यांमधून फक्त शेवटची शिल्लक कळते. कोणत्या वर्षी किती माणसं मेली, किती निजामाच्या मुलखात किंवा खानदेशाकडे निघून गेली, पाऊस परतल्यावर किती घरी आली, हे त्या आकड्यांतून काढता येत नाही. 1905 मध्ये तो जिल्हाच मोडला, त्याचा भाग अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत विलीन झाला आणि वाशीमला पुन्हा जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला.

शहराने स्वतःची मोजणी केली तर काय साधतं, याचं उत्तर मुंबईने त्याच काळात देऊन ठेवलं आहे. 1864 मध्ये, देशव्यापी जनगणना सुरू होण्याआधी, मुंबईत मोजणी झाली आणि 8,16,562 माणसं भरली. कापसाची तेजी कोसळल्यावर 1872 मध्ये तोच आकडा 6,44,405 वर आला. पुढे प्लेग आला. 1901 ची जनगणना ऐन साथीत, माणसं शहर सोडून गेलेली असताना झाली आणि 7,76,006 एवढीच नोंद झाली. हा आकडा पायाभूत धरून साथीचा मृत्युदर काढणं म्हणजे चुकीच्या भाजकाने भागाकार करणं होतं. म्हणून 1906 मध्ये पालिकेच्या आरोग्य खात्याने स्वतः मोजणी केली. माणसं निघाली 9,77,822, म्हणजे पाच वर्षांपूर्वीपेक्षा दोन लाखांनी जास्त. जुन्या भाजकावर हजारी 50 दिसणारा मृत्युदर नव्या भाजकावर हजारी 40 च्या आत येतो. 1911 च्या जनगणनेत मुंबई 9,79,445 वर होती. मधली मोजणी झाली नसती तर शहर दहा वर्षं सारख्या गतीने वाढत गेलं असाच समज झाला असता. प्रत्यक्षात सगळी वाढ पहिल्या पाच वर्षांत होऊन गेली होती. घरं, नळ आणि दवाखाने कधी कमी पडले, हे कळायला नेमकी हीच माहिती लागते.

आता आजच्या वाशीमकडे वळू. जिल्ह्यात दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी दारोदार जाऊन माणसं मोजतच असतं. अंगणवाडी सेविकेची पहिली नोंदवही कुटुंबांची असते. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, प्रत्येक माणसाचं नाव, नातं, लिंग, जन्मतारीख. कुणी मेलं, कुणी लग्न होऊन गेलं, कुणी नव्याने राहायला आलं, तर त्याचीही नोंद. एका अंगणवाडीकडे साधारण 400 ते 800 लोकसंख्या, म्हणजे दीडशेच्या आसपास घरं येतात. ताईंना ती घरं तोंडपाठ असतात. पात्र जोडप्यांची यादी, गरोदर मातांची नोंद, लसीकरणाला आलेली बाळं हे सगळं आशाताईंकडे असतं. पल्स पोलिओच्या मोहिमेनंतर दारावर खडूने लिहिलेली खूण आठवा: तारीख, घर क्रमांक, पुढच्या घराकडे बाण आणि ‘पी’ किंवा ‘एक्स’. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’. घर बंद असेल किंवा मूल बाहेरगावी असेल तर ‘एक्स’, आणि मग त्या ‘एक्स’चा ‘पी’ होईपर्यंत पथकाने पुन्हा जायचं. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. चुकलेल्या घराला परत जाण्याचा हा नियम त्या यशामागे आहे. एकेक दार मोजण्याची शिस्त आपल्याकडे आहे आणि ती फळाला येते, हे त्यातून सिद्ध झालं आहे.

मग अडचण कुठे आहे? अंगणवाडीची नोंद महिला व बालविकास विभागाकडे जाते, आशाची आरोग्य विभागाकडे, घरपट्टीची नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये राहते, मतदार यादी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ), पटनोंदणी शाळेकडे, शिधापत्रिका तहसीलमध्ये. प्रत्येकाचा घर क्रमांक वेगळा, हद्द वेगळी, मोजण्याचा महिना वेगळा. वरून नव्या मोहिमा येतातच. 4 जुलै 2015 ला शाळाबाह्य मुलांचा एकदिवसीय शोध झाला. 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घराघरांत तापमान आणि ऑक्सिजन मोजला गेला. 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण झालं. प्रत्येक वेळी तीच दारं वाजली, त्याच ताई किंवा गुरुजी फिरले, आणि मोहीम संपली की माहिती वर निघून गेली. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्याला किंवा सरपंचाला ‘आज आपल्याकडे माणसं किती’ या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं नाही.

वाशीमच्या बाबतीत आणखी एक खास कारण आहे. आपली जनगणना फेब्रुवारीत होते. 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी हा काळ होता आणि त्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नव्हता त्याची नोंद तो जिथे सापडला तिथे करायची, असा नियम होता. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांतून दिवाळीनंतर जी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात, ती फेब्रुवारीत तांड्यावर नसतात. ती उसाच्या फडाशेजारच्या कोपीत मोजली जातात किंवा निसटतात. पावसाळ्यात हीच माणसं गावात असतात. तेव्हा त्यांना पाणी, रेशन, दवाखाना आणि मुलांना शाळा गावातच लागते. देशाच्या मोजणीला एक तारीख धरणं भागच आहे. पण तांड्याला वर्षातून किमान दोन आकडे लागतात, एक हंगामातला आणि एक बिगरहंगामी. ते काम स्थानिक मोजणीशिवाय होणार नाही.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा. जनगणना हा केंद्र सूचीतला विषय आहे आणि नगरपालिकांविषयीच्या घटनेच्या भागात ‘लोकसंख्या’ म्हणजे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेतली लोकसंख्या, अशी स्पष्ट व्याख्या आहे. म्हणूनच डिसेंबर 2025 मधल्या नगरपरिषद निवडणुकांची प्रभागरचनाही 2011 वर झाली. हे मान्यच आहे. स्थानिक मोजणीने प्रभाग, आरक्षण किंवा नगरपरिषदेचा वर्ग बदलावा, असा आग्रह नाही. पण 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याने केंद्र सूचीतले विषय वगळून आकडेवारी गोळा करण्याचा अधिकार पंचायती आणि नगरपालिकांनाही दिला आहे. बिहारचं 2023 चं घरोघरचं सर्वेक्षण ही जनगणना नव्हे, असं म्हणत पाटणा उच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. पाण्याची टाकी किती मोठी बांधायची आणि अंगणवाडी कुठे वाढवायची, हे ठरवण्यासाठी सर्वेक्षण पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निधी डोईमागे मिळत असेल तर गाव आकडा फुगवणार नाही का? धोका खरा आहे. नागालँडची लोकसंख्या 2001 मध्ये 64 टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि 2011 मध्ये चक्क किंचित घटली. फुगवटा राष्ट्रीय जनगणनेतही शिरू शकतो, हे त्यावरून कळतं. यावर दोन उपाय आहेत. एक, या आकड्याला थेट निधीशी बांधायचं नाही. तो नियोजनापुरताच ठेवायचा. दुसरा, तपासणी. जन्म-मृत्यू नोंद, पहिलीचा पट आणि नळजोडण्या यांच्याशी आकडा ताडून पाहायचा आणि शेजारच्या गावच्या पथकाकडून काही घरं पुन्हा मोजून घ्यायची. अमेरिकेत वाढत्या शहरांना मधली मोजणी हवी असेल तर ती स्वतःच्या खर्चाने पण राष्ट्रीय जनगणना खात्याकडून करून घ्यावी लागते. मोजणारा आणि लाभ घेणारा वेगळा ठेवण्याचं हे तत्त्व आपणही घ्यावं.

तिसरा आक्षेप ताईंच्या बाजूचा आहे आणि तो मनापासून ऐकला पाहिजे. तुटपुंज्या मानधनावर आशा आणि अंगणवाडी सेविका आधीच सर्वेक्षणांखाली दबल्या आहेत. त्यांच्यावर आणखी एक नोंदवही लादणं अन्याय होईल. म्हणून नवी मोजणी नको. आहेत त्या मोजण्यांऐवजी एक हवी. वर्षातून एकदा (तांड्यांवर हंगामात आणखी एकदा), एका घर क्रमांकावर, एका नमुन्यात, वेगळा मोबदला देऊन. सगळ्या विभागांनी त्यातूनच आपली माहिती घ्यावी. नावं आणि जन्मतारखा कार्यालयातच राहाव्यात, फलकावर फक्त बेरजा लागाव्यात: घरं, माणसं, स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं, साठीपुढचे, बाहेरगावी गेलेले.

2027 ची जनगणना जिल्ह्याला ताजा आणि पक्का पाया देईल. त्यावर दरवर्षी एक वीट चढवली नाही तर 2035 मध्येही वाशीम 2027 च्या आकड्यावर टाकी बांधत असेल. दरवर्षीच्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत गावाचा आकडा वाचून दाखवला जावा आणि वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या नगरपरिषदांनी तो सर्वसाधारण सभेत मांडावा. ऑगस्टमध्ये तांड्यावरची माणसंही घरी असतात. चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होईल. या ग्रामसभेला जाल तेव्हा हा ठराव तुम्हीच मांडा.