सायकल टाइम कोणाच्या मालकीचा?

१९८३ साली पुण्यातली एक दोन वर्षांची, फारसे कोणी नाव न ऐकलेली सॉफ्टवेअर कंपनी बाडबिस्तरा आवरून बंगळूरुला गेली. कंपनीचे नाव इन्फोसिस. तिला तिकडे ओढून नेले ते हवेने नव्हे, एका गिऱ्हाइकाने: डिझेल इंजिनांचे इंधन पंप आणि स्पार्क प्लग बनवणाऱ्या मायकोने, म्हणजे आजच्या बॉशने. ज्या शहराला आपण सॉफ्टवेअरचे शहर म्हणतो, त्याची सर्वांत नामांकित कंपनी तिथे आली ती एका कारखान्यासाठी. पुढे मात्र दोघांचे बिनसले नाही तरी बोलणे कमी झाले. सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनिक्स सिटीत आणि व्हाइटफील्डला गेले, परदेशी बँकांची आणि विमा कंपन्यांची कामे करू लागले. लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग तुमकूर रस्त्यावर पीण्या औद्योगिक वसाहतीच्या शेडांतच राहिले.

आता ही दोन बंगळूरु पुन्हा समोरासमोर आली आहेत. कारखान्यातले प्रत्येक मशीन नेटवर्कला जोडायचे, ते चालू आहे की बंद, किती नग निघाले, स्पिंडल किती तापला, टूल किती झिजले हे क्षणाक्षणाला पडद्यावर पाहायचे, आणि ऑर्डर घेण्यापासून डिस्पॅचपर्यंतची साखळी त्या आकड्यांवर चालवायची, असा हा बेत आहे. जर्मनीने २०११च्या हॅनोव्हर औद्योगिक मेळाव्यात त्याला ‘इंडस्ट्री ४.०’ हे नाव दिले आणि तेव्हापासून एकही औद्योगिक परिषद या शब्दाशिवाय पार पडलेली नाही. कंपन्यांना खरोखर काय वाटते? २०१५ मध्ये इन्फोसिसनेच जर्मनीतल्या आखेनच्या एका संस्थेबरोबर चीन, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांतल्या चारशेहून अधिक कंपन्यांना विचारले. सुमारे ८५ टक्के कंपन्यांना यात फायदा आहे हे ठाऊक होते. त्यासाठी ठरवून धोरण राबवणाऱ्या जेमतेम १५ टक्के. बंगळूरुच्या कंपनीने केलेल्या या पाहणीत भारत नव्हता. पीण्याला कोणी विचारलेच नाही.

पीण्याला विचारायला हवे होते, कारण हा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच कस लावतो. १९७०च्या दशकात उभी राहिलेली ही वसाहत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवून वाढली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने १९४० मध्ये सुरू केलेला विमान कारखाना (आजचा एचएएल), १९५१ची मायको, १९५३ची एचएमटी, १९५४ची बीईएल. यांच्याकडे अप्रेंटिस म्हणून हात काळे केलेल्या कितीतरी जणांनी पुढे दोन-तीन मशीन घेऊन स्वतःचे शेड टाकले. हरिहरला किर्लोस्करांनी १९४१ मध्ये लेथ बनवायला सुरुवात केली होती, तीही याच पट्ट्यात. मराठी नावे छाती फुगवण्यासाठी घेत नाही. पुणे-कोल्हापूरची आणि बंगळूरुची यंत्रशाळा एकाच गोत्रातली आहे, म्हणून पीण्यात आज जे वाद चालतात ते भोसरीत आणि शिरोलीत उद्या चालणार, एवढेच म्हणायचे आहे.

तंत्राचा भाग वाटतो तितका अवघड नाही. नव्या, संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनला नेटवर्कची जागा असतेच. तिथून केबल ओढली की कंट्रोलर आपली माहिती देतो. अडचण जुन्या मशीनची. वीस वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेल्या व्हीएमसीला (उभ्या मिलिंग मशीनला) बोलता येत नाही. पण तिच्या डोक्यावर टॉवर लॅम्प असतो. हिरवा म्हणजे काम चालू, पिवळा म्हणजे कशाची तरी वाट पाहणे, लाल म्हणजे बिघाड. त्या दिव्यांच्या तारांवरचा सिग्नल एका छोट्या खोक्यात घ्यायचा, स्पिंडल मोटरच्या वायरीभोवती करंट मोजणारी कडी बसवायची, आणि खोके वाय-फायला जोडायचे. मशीनच्या पोटात हात न घालता ते किती वेळ चालू होते हे कळू लागते. खरी डोकेदुखी पुढे आहे: फॅनुक, सीमेन्स, मित्सुबिशी यांचे कंट्रोलर आपापल्या भाषेत बोलतात. त्यांना एका भाषेत आणण्यासाठी ओपीसी-यूए नावाचे मानक आहे खरे, पण ते नव्या मशीनसाठी. सरमिसळ मशीनच्या शेडमध्ये शेवटी कोणाला तरी बसून प्रत्येक मशीनची वेगळी जुळणी करावी लागते, आणि विक्रेत्याच्या सादरीकरणात हा माणूस कधी दिसत नाही.

एकदा आकडे येऊ लागले की एक गणित मांडले जाते. समजा शिफ्ट ४८० मिनिटांची. मशीन प्रत्यक्ष चालले ३६० मिनिटे, म्हणजे ७५ टक्के. एका नगाला ठरलेला वेळ, म्हणजे सायकल टाइम, ३ मिनिटे. त्या हिशेबाने १२० नग निघायला हवे होते, निघाले १०८, म्हणजे ९० टक्के. त्यातले ६ रिजेक्ट झाले, १०२ पास. तिन्हींचा गुणाकार केला तर जवळपास ६४ टक्के. मशीनच्या एकूण कार्यक्षमतेचा हा आकडा ओईई म्हणून ओळखला जातो आणि ८५ टक्के म्हणजे जागतिक दर्जा, असे पुस्तकात लिहिलेले असते. आपले मशीन दिवसभर घरघरते आहे असे मानणाऱ्या मालकाला हा ६४ पहिल्यांदा झोंबतो. उरलेली मिनिटे कुठे जातात ते पाहिले तर बहुधा कारण तंत्रज्ञानाचे नसतेच. सेटिंगला लागलेला वेळ, स्टोअरमध्ये संपलेले इन्सर्ट, पहिला नग तपासून मिळण्याची वाट, ड्रॉइंगची जुनी प्रत.

इथे जर्मनीपेक्षा आपला हिशेब वेगळा होतो. तिकडे मजुरी महाग, माणसे वयस्कर होत चाललेली, म्हणून माणूस कमी करणे हा मोठा मुद्दा. पीण्यात मजुरी वाचवण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवतात. पण आयात केलेले मशीन इथे काही स्वस्त मिळत नाही, आणि त्यावरचे कर्जाचे व्याज तर जर्मन कारखानदाराला ऐकूनच घाम फुटेल असे. म्हणजे थांबलेल्या मशीनचा भुर्दंड आपल्याला अधिक. या तंत्राची विक्री माणसांऐवजी हप्त्यांच्या भाषेत झाली असती तर ते एव्हाना बऱ्याच शेडांत पोचले असते, असे माझे मत आहे.

मोठ्या कंपन्यांना पटवावे लागत नाही. २०२२च्या जुलैत बंगळूरुमधल्या बॉशच्या ऑटोमोटिव्ह इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात एअरटेलने देशातले पहिले खासगी ५-जी नेटवर्क चाचणीसाठी उभे केले. त्याच वर्षी टेक महिंद्र आणि एअरटेलने चाकणला महिंद्रच्या वाहन कारखान्यात ५-जी नेले. त्याआधी २०१५ मध्ये जीईने चाकणलाच आपला ‘ब्रिलियंट फॅक्टरी’ प्रकल्प सुरू केला होता. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत बोईंगच्या अर्थसाह्याने स्मार्ट फॅक्टरीचे काम झाले. तुमकूर रस्त्यावर १९६२ पासून असलेल्या केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे सीएमटीआयमध्ये, छोट्या उद्योगांना हे सगळे हाताळून पाहता येईल असे प्रात्यक्षिक केंद्र आहे. केंद्र सरकारच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ योजनेतल्या केंद्रांपैकी ही दोन बंगळूरुत आहेत, एक पुण्यात. दाखवायला काही कमी नाही. मोठ्यांचा उत्साहही समजण्यासारखा आहे. ज्याच्याकडे शेकडो पुरवठादार आहेत त्याला सोमवारी येणारा माल शुक्रवारीच अडकला आहे हे शुक्रवारी कळणे मोलाचे वाटणारच.

मग छोटा मालक का मागे? पैसे नाहीत, समज नाही, शिकलेली माणसे नाहीत, ही उत्तरे प्रत्येक अहवालात असतात. ती खोटी नाहीत, पण मला ती अर्धी वाटतात. जॉबवर्क करणाऱ्याची खरी पुंजी असते त्याचा सायकल टाइम. गिऱ्हाइकाने नगामागे तीन मिनिटे धरून दर दिला आणि याने फिक्स्चर बदलून, टूलचा मार्ग जरा वेगळा आखून, एकाच पकडीत दोन नग घेऊन तो सव्वादोन मिनिटांवर आणला, तर मधले पाऊण मिनिट हा त्याचा नफा. ती अक्कल त्याची, त्याच्या सेटरची. मोठ्या कंपनीचा पर्चेस विभाग दरवर्षी दर कमी करून मागतोच. उद्या त्याच कंपनीच्या पोर्टलवर याचे मशीन थेट दिसू लागले, तर पाऊण मिनिटाचे गुपित उरेल का? पुढच्या वाटाघाटीत साहेब समोरच्या पडद्याकडे बोट दाखवतील आणि संपले.

म्हणजे तंत्रज्ञान चालते का, हा पीण्यातला प्रश्नच नाही. आकडा कोण पाहणार, हा आहे. त्यात चीड आणणारी दुसरी गोष्ट अशी की गिऱ्हाइकाला मशीनची खबर सेकंदाला हवी असते आणि बिल मात्र तीन-तीन महिने अडते. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पुरवठा साखळी जोडायचीच तर माल कुठे आहे याबरोबर पैसे कुठे आहेत हेही पडद्यावर दिसावे, असे कोणत्याही सादरीकरणात मी अजून ऐकलेले नाही.

विमानाच्या भागांचे मात्र निराळे आहे. पीण्यातली डायनामॅटिक टेक्नॉलॉजीज एअरबस ए-३२०च्या पंखातले फ्लॅप-ट्रॅक बीम बनवते. अशा कामात कोणत्या धातूचा कोणता तुकडा, कोणत्या मशीनवर, कोणत्या टूलने कापला आणि कोणी तपासला याची नोंद विमान उडत असेपर्यंत सांभाळावी लागते. ही नोंद कागदावर ठेवणे महाग आणि चुकांना वाव देणारे, आपोआप झाली तर उत्तमच. शिवाय त्या नोंदीचे पैसे दरात धरलेले असतात. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन शेडांत याच तंत्राबद्दल दोन टोकांची मते ऐकू येऊ शकतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. वाहन उद्योगाचा पुरवठादार म्हणतो हा माझ्यावर पहारा. विमान उद्योगाचा म्हणतो हे माझे प्रमाणपत्र.

मशीनपुढे उभ्या असलेल्या माणसाला तर कोणी विचारलेलेच नसते. मशीन थांबले की पडद्यावर कारण निवडायचे असते: माल नाही, टूल नाही, सेटिंग, ब्रेकडाउन. ‘चहा’ किंवा ‘पाठ दुखतेय’ असे बटण नसते. आकडा आपल्याविरुद्ध वापरला जाणार असे वाटले की ऑपरेटर शहाणपणाने ‘माल नाही’ दाबतो, आणि सगळ्या विश्लेषणाच्या पायातच भुसा भरला जातो. याहून वाईटही घडू शकते. बंगळूरुपासून जवळ, कोलार जिल्ह्यात नरसापुराला आयफोन जोडणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी कामगारांनी मोडतोड केली. राज्याच्या कारखाने खात्याच्या तपासणीत जे निघाले ते विचार करण्यासारखे होते. शिफ्ट आठ तासांवरून बारा तासांवर नेली होती, आणि हजेरीची यंत्रणा त्याप्रमाणे धड चालत नव्हती. केलेल्या कामाचे पूर्ण पैसे हाती पडत नव्हते. कामाच्या तासांची व्यवस्था नीट राबवली गेली नव्हती, हे ॲपलनेही मान्य केले. जगातली सर्वांत काटेकोर पुरवठा साखळी म्हणून जिचे गोडवे गायले जातात, तिथे फोनमधल्या प्रत्येक भागाचा ठावठिकाणा लागत होता. माणसाने किती तास काम केले त्याचा नाही. मोडतोडीचे समर्थन करत नाही. पण यंत्रणेने काय मोजायचे हे कोण ठरवते, ते या प्रकरणात उघडे पडले.

नेटवर्कला जोडले की बाहेरचेही आत येऊ शकतात, हा धोका थोडक्यात सांगतो, कारण तो आता नवा राहिलेला नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसची झळ चेन्नईजवळच्या रेनॉ-निस्सानच्या कारखान्याला बसली आणि पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने मर्स्क कंपनीची यंत्रणा झोपवली, तेव्हा न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातले तिचे टर्मिनल ठप्प झाले. मशीनचा संगणक आणि अकाउंट्सचा संगणक एकाच नेटवर्कवर ठेवू नये, हा साधा नियम पाळला तरी बरेच निभावते. कित्येक शेडांत सीएनसीला जोडलेल्या संगणकात अजून विंडोज एक्सपी असते, आणि त्याच संगणकावर कोणीतरी पेन ड्राइव्ह घालून गाणी ऐकत असतो.

एवढे सगळे सांगूनही माझे मत या बदलाच्या बाजूचे आहे. फक्त क्रम उलटा हवा. आधी आकडा मालकाला आणि ऑपरेटरला दिसू द्या, निदान सहा महिने दुसऱ्या कोणालाही नको. एकाच मशीनपासून सुरुवात करा, तीही जे सगळ्यांत जास्त अडवते त्याच्यापासून. मिनिटे वाचली तर त्यातला वाटा सेटरला पगारात दिसला पाहिजे, नाहीतर खोके बंद पडायला वायरीचा एक हिसका पुरतो.

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, बेळगावचे उद्यमबाग इथल्या वाचकांना एक विनंती. मोठ्या गिऱ्हाइकाने ‘आमच्या पोर्टलला मशीन जोडा’ असे पत्र पाठवले तर घाबरू नका आणि लगेच होही म्हणू नका. पर्चेस ऑर्डरमध्ये चार ओळी लिहून मागा: आकडे कोणाचे, ते कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार, आणि दराच्या वाटाघाटीत ते पुढे आणणार की नाही. एकट्याने मागितले तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल, म्हणून हे वसाहतीच्या संघटनेमार्फत मागा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घाला.