पकडीसारखे दिसणारे हे अवजार कशाचे?

अवजारपेटीत पकडीसारखे अवजार आहे, पण त्याचे काम कळत नाही? आधी जबडे पाहा. लाल, निळा, पिवळा असे ठिपके असतील, तर ते वायरला थिंबल दाबून बसवण्याचे क्रिम्पिंग टूल आहे. लाल खाच साधारण ०.५ ते १.५, निळी १.५ ते २.५ आणि पिवळी ४ ते ६ चौरस मिमी वायरसाठी असते. मूठ दाबल्यावर मध्येच अडकली, तर ते बिघडले असे समजू नका. रॅचेटमुळे पूर्ण दाब बसेपर्यंत ती सुटत नाही. साध्या पकडीने थिंबल चेपले तर जोड सैल राहतो, तापतो आणि आगही लागू शकते. म्हणून वीजपुरवठा बंद असतानाच वायर ओढून पाहा. निसटली तर नवे थिंबल बसवा.