तेलाच्या अंगातलं बळ

आता बघा, दोन फाळांचा पलटी नांगर जाग्यावरून हलवायचा म्हटलं तर चार गडी घाम गाळतात, आणि ट्रॅक्टरवर बसलेलं मिसरूड न फुटलेलं पोरगं मात्र दोन बोटांनी दांडी ओढून तोच नांगर अलगद वर घेतं. ते बळ बोटांचं नव्हे बरं का, तेलाचं. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल होऊन गेला, त्याने सांगून ठेवलंय की कोंडलेल्या द्रवाला एका जागी दाबलं तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो. म्हणजे तेलाला चौरस सेंटिमीटरमागे १४० किलोचा रेटा दिला आणि ते ३० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पिस्टनमागे सोडलं, तर पिस्टनवर ४२ क्विंटलांचा जोर बसला! नांगर उचलणाऱ्या या लिफ्टचे हात लांब, म्हणून टोकाला त्यातला थोडाच वाटा उरतो, पण नांगराला तेवढा पुष्कळ झाला.

ही करामत ज्याने शेतात आणली तो हॅरी फर्ग्युसन आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४ चा. मोठा खटपट्या गडी. १९०९ साली त्याने स्वतः बांधलेलं विमान स्वतःच उडवून दाखवलं, आणि मग आकाशातून उतरून पठ्ठ्याने डोकं घातलं ते नांगरात. तेव्हाचे ट्रॅक्टर नांगराला साखळीने किंवा दांड्याने नुसते ओढायचे. फाळ खडकाला अडला की मागची चाकं फिरत राहायची, पुढची हवेत उठायची आणि अख्खा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. माणसं मेली त्यात. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडला, खाली दोन हात आणि वर एक टॉपलिंक. फाळ अडला की टॉपलिंक पुढे रेटते, आणि तोच रेटा ट्रॅक्टरचं नाक खाली दाबून धरतो. याच्याही पुढची मौज अशी, की टॉपलिंकच्या मुळाशी त्याने एक स्प्रिंग बसवली. माती कठीण लागली की स्प्रिंग दबते, दबली की आतला व्हॉल्व्ह सरकतो आणि नांगर जरासा वर येतो. आपला जुना औत्या फाळ अडल्याचं तळहाताला कळताच रुमण्यावरचा भार हलका करायचा ना, अगदी तसं.

हा व्हॉल्व्ह त्याने पंपाच्या पुढे न ठेवता पंप तेल ओढतो त्या बाजूला ठेवला, त्यामुळे काम नसलं की पंपाला तेलच मिळत नाही, तो नुसता फिरत राहतो आणि तेल उगाच तापत नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा व्हॉल्व्हचं काय कौतुक! अहो, १९३८ मध्ये हेन्री फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी कागदावर सही न करता नुसता हातात हात घालून करार केला होता. पुढे तो मोडला, कोर्टकचेरी झाली, आणि १९५२ साली फोर्ड कंपनीने साडेब्याण्णव लाख डॉलर मोजून वर हेही कबूल केलं, की असा ओढीच्या बाजूचा व्हॉल्व्ह आम्ही यापुढे वापरणार नाही.

तर लिफ्ट रुसली की जाणता मिस्त्री आधी पान्याला हात लावत नाही, विचारतो. अजिबात उचलत नाही, की रिकामे हात उचलते आणि नांगर लावला की बसते? सकाळी चालते आणि दुपारी हात टेकते? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणालात की त्याचा चेहरा खुलतो, कारण गार तेल जाड असतं, झिजलेल्या रिंगांतूनही ते चटकन निसटत नाही. तापून पातळ झालं की पळवाटा सापडतात. नांगर वर धरलेला असताना तो ठरावीक ठेक्यात खाली-वर डुलत असेल, तर तेल कुठेतरी गळतंय आणि लिफ्ट दरवेळी घसरलेला नांगर पुन्हा वर आणतेय. इंजिन बंद करून रात्रभरात थोडा उतरला तर म्हाताऱ्या ट्रॅक्टरला ते माफ, पण बंद करताच धाडकन पडला तर पिस्टनची रिंग नाहीतर सिलेंडर गेला समजा. म्हणून तर उचललेल्या नांगराखाली पाय घालायचा नाही, पोरांनो. पाहायचंच असेल तर तो आधी जमिनीवर टेकवा.

आणि अजिबातच उचलत नसेल तर आधी सोपं सोपं बघावं. सपाट जागी उभा करून डिपस्टिक काढावी. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच, तेव्हा चाकाच्या सीलमधून गळलं तरी भोगायचं लिफ्टने. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. गिअरच्या दांडीवरचं रबर फाटतं आणि उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरात अख्खा पावसाळा मुरतो. मग व्हॉल्व्ह गंजून अडकतो, जाळी गाळाने तुंबते. आमच्या शेजारच्या वाडीत एकाने लिफ्ट उचलेना म्हणून सगळं तेल काढून झाकण खोललं, आत सगळं चकचकीत! त्याचा पंप पीटीओच्या, म्हणजे मागची यंत्रं फिरवणाऱ्या दांड्यावर फिरणारा, फर्ग्युसनच्या जुन्या टीई-२० सारखा, आणि सीटवर खेळताना नातवाने पीटीओची दांडी सोडवून ठेवलेली.

झाकण खोललंच, रिंग बदललीच, तर बसवताना घाई नको. ते जड झाकण दोघांनी उतरवताना त्याच्या पोटातली लोंबती दांडी नेमकी व्हॉल्व्हच्या जोडात बसावी लागते. चुकली तर सगळे बोल्ट आवळून झाल्यावर लिफ्ट पहिल्यासारखीच गप्प. म्हणून मिस्त्री शेवटचा बोल्ट आवळण्याआधी बाजूची छोटी पट्टी काढतो, आत बोट घालतो, कुणीतरी वरची दांडी हलवतं, आणि व्हॉल्व्ह बोटाखाली सरकला की मगच तो पाना मागतो.