फाउंडेशनची शेड मानेला विचारा

‘फाउंडेशन आपल्या रंगापेक्षा एक-दोन शेड उजळ घ्यावं, चेहरा खुलतो.’ हा सल्ला काउंटरवर मिळतो, पार्लरमध्ये मिळतो, घरातल्या मावशी-आत्यांकडूनही मिळतो. तो चुकीचा आहे, आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेचं त्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं.

कारण बाटलीतल्या रंगद्रव्यांत आहे. जवळपास प्रत्येक फाउंडेशनचा रंग चार द्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो: पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळं, तांबडं, काळं आयर्न ऑक्साइड. शेड जितकी उजळ, तितकं त्यात पांढरं अधिक. हा पांढरट थर सावळ्या त्वचेवर बसला की खालचा तपकिरी रंग त्यातून डोकावतो आणि चेहऱ्यावर राखाडी झाक येते. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा चेहरा चुना फासल्यासारखा दिसतो आणि कान, मान, हात वेगळ्याच रंगाचे दिसतात, ते यामुळेच. आदल्या दिवशी हळदीच्या फोटोत इतकी सुंदर दिसलेली मुलगी मुंडावळ्या बांधल्यावर स्वतःसारखी दिसेनाशी व्हावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं. फाउंडेशनने चेहऱ्याचा रंग एकसारखा करायचा असतो, बदलायचा नसतो.

शेड न जुळण्यात दोष नेहमी घेणारीचा नसतो, हेही सांगायला हवं. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या वर्षानुवर्षं उजळ शेडची लांबलचक रांग आणि गडद रंगांसाठी तीन-चार बाटल्या एवढ्यावर भागवत आल्या. गायिका रिहानाने 2017 मध्ये ‘फेंटी ब्यूटी’ बाजारात आणली ती एकदम 40 शेड घेऊन, आणि त्यानंतर इतर कंपन्यांनाही आपली रांग वाढवावी लागली. तरीही एका कंपनीची ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘मीडियम’शी जुळेल याची खात्री नाही. म्हणून नावावर किंवा क्रमांकावर विसंबू नये. एकच बाटली जुळत नसेल तर दोन शेड मिसळाव्यात. रंगभूषाकार हेच करतात.

आता ती शेड पाहायची कुठे? दुकानात सगळ्याजणी हाताची पाठ किंवा मनगट पुढे करतात. पण हाताची पाठ उन्हाने रापलेली असते आणि मनगटाची आतली बाजू ऊन न लागल्याने उजळ राहते. चेहऱ्याशी दोन्हींचा मेळ नसतो. चेहराही एकाच रंगाचा नसतो: आपल्याकडे अनेकींचं कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गडद असतो, गाल उजळ असतात. त्यामुळे जबड्याच्या कडेला, गालाकडून मानेकडे जाणाऱ्या तीन शेडच्या तीन रेघा ओढाव्यात. जी रेघ मानेत विरून जाते ती आपली. दुकानातल्या दिव्यांखाली निर्णय घेऊ नये. पिवळ्या दिव्याखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी दिसू शकते, म्हणून आरसा घेऊन सरळ दाराबाहेर यावं. काउंटरवरची मुलगी घाई करेल. करू दे.

त्या रेघा पंधरा-वीस मिनिटं तशाच ठेवाव्यात, कारण बरीच फाउंडेशन्स लावल्यावर थोडी गडद होतात. याला सर्रास ‘ऑक्सिडाइझ झालं’ म्हणतात. पण ही लोहाची द्रव्यं मुळात ऑक्साइडंच आहेत, ती तासाभरात गालावर गंजत नाहीत. पाणी आणि उडून जाणारी सिलिकॉन्स निघून जातात, रंगद्रव्य दाट होतं, त्यात चेहऱ्याचं तेल मुरतं आणि रंग खोल दिसू लागतो.

अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगातली पिवळसर किंवा लालसर झाक, ओळखण्यासाठी मनगटाच्या शिरा पाहण्याची युक्ती फार लोकप्रिय आहे: हिरव्या दिसल्या तर उष्ण, निळ्या दिसल्या तर शीत. शिरेचा दिसणारा रंग मात्र ती किती खोल आहे, वरची त्वचा किती जाड आणि किती गडद आहे यावर अवलंबून असतो. गडद त्वचेत कित्येकदा शिरा दिसतच नाहीत. त्यापेक्षा एकाच गडदपणाच्या दोन शेड, एक पिवळसर आणि एक लालसर, शेजारी-शेजारी लावून पाहाव्यात. न जुळणारी लगेच ओळखू येते.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज उन्हाचा. बाटलीवर ‘एसपीएफ 30’ छापलंय, मग वेगळं सनस्क्रीन कशाला? हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका जाड थर लावून ठरवतात. चेहऱ्याचं क्षेत्रफळ साधारण 600 चौरस सेंटिमीटर धरलं तर एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास फाउंडेशन लागेल आणि 30 मिलीची बाटली महिन्याच्या आत संपेल. आपली बाटली कित्येक महिने पुरते, यावरूनच आपण किती पातळ लावतो ते कळतं. सनस्क्रीनचा 30 आणि फाउंडेशनचा 15 मिळून 45 होतो, हा हिशेबही खोटा. आधी पुरेसं सनस्क्रीन, ते बसल्यावर फाउंडेशन.

मात्र वांगाचे डाग असलेल्या बायकांसाठी फाउंडेशनच्या बाजूने एक खरी गोष्ट आहे. वांग अतिनील किरणांप्रमाणेच दृश्य प्रकाशानेही, विशेषतः गडद त्वचेत, वाढतो. साधं रंगहीन सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही, आयर्न ऑक्साइड अडवतं. त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी रंगीत सनस्क्रीन सुचवतात ते याच कारणाने.

‘फाउंडेशनने त्वचेचा श्वास कोंडतो’ असं म्हणतात. श्वास फुप्फुसं घेतात. त्वचेच्या रंध्रांतून घाम आणि तेल बाहेर येतं. पण प्रसाधनांमुळे बारीक पुटकुळ्या येऊ शकतात हे खरं आहे. क्लिगमन आणि मिल्स या त्वचातज्ज्ञांनी 1972 मध्ये त्याचं ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ या नावाने वर्णन केलं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, हा शिक्का बघून निर्धास्त होऊ नये, कारण त्यामागे सगळ्या कंपन्यांना बंधनकारक असलेली एकच चाचणी नाही. रात्री चेहरा नीट धुणं आणि स्पंज साबणाने धुऊन पूर्ण वाळवणं याचा उपयोग जास्त. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ओला स्पंज डबीत बंद करून ठेवला तर त्याला बुरशी लागते.

डाग झाकायला फाउंडेशनचे थरावर थर चढवणं हाही तसाच चुकीचा मार्ग. थर जाड झाला की हसताना भेगा पडतात, घामात तो सरकतो. डोळ्यांखालच्या निळसर काळेपणावर आधी किंचित नारिंगी करेक्टर लावलं तर वर फाउंडेशन थोडंच लागतं. बाकी चेहऱ्यावर मध्यापासून कडेकडे पातळ पसरावं, ओल्या स्पंजने थोपटावं आणि जिथे त्वचा मुळातच नितळ आहे तिथे लावूच नये.

लग्नासाठी रंगभूषाकार ठरवताना ट्रायल अवश्य घ्यावी, तीही दागिन्यांसाठी गळा उघडा ठेवून. फ्लॅश मारून फोटो काढावा, कारण सिलिकाची बारीक पांढरी पावडर आरशात दिसत नाही, पण फ्लॅशमध्ये नाक-डोळ्यांभोवती पांढरे पट्टे उमटवते. मग तसंच तीन-चार तास घरात वावरावं, खिडकीपाशी उभं राहून पुन्हा एक फोटो काढावा, आणि मान वेगळी दिसली तर संकोच न करता गडद शेड मागावी.