पहाटे साडेपाचचा तास

चीनमध्ये वैद्यकीय शिकणाऱ्या आपल्या मुलाचा दिवस साधारणतः सकाळी आठच्या तासाने सुरू होतो. वसतिगृहात थर्मास भरायला उकळते पाणी मिळते, ताटात भात असतो, भाकरी नसते. वर्ग इंग्रजीत, पण खाटेवरचा रुग्ण बोलतो चिनी. म्हणून तीही शिकावी लागते.

२०२० मध्ये साथ आली, मुले घरी परतली आणि ऑगस्ट २०२२ पर्यंत व्हिसा बंद राहिले. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिकडचे आठ म्हणजे शहापूर-मुरबाडात पहाटेचे साडेपाच. पाड्यावर रेंज नसेल तर शरीरशास्त्राचा तास टेकडीवर बसून ऐकायचा! प्रेताला हात न लावता डॉक्टर कसे व्हायचे?

आणि हे तरी कोणाला परवडते? केंद्राची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी व पीएच.डी.साठी आहे. एमबीबीएस ही पहिली पदवी, म्हणून तिथे दलित विद्यार्थ्याला ती नाही. ज्याच्या बापाकडे गहाण टाकायला गुंठाभर जमीन नाही, त्याने काय करावे? कर्ज काढून गेलेल्यालाही परतल्यावर चाळणी परीक्षा आहेच. शेवटचे वर्ष घरी बसून पुरे केलेल्यांना २०२२ मध्ये एकाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप लावली गेली.