सुक्या गोदीतले खलाशी

मिहानच्या हँगरात मोठ्या दुरुस्तीसाठी उभे असलेले विमान ज्या नागपूरकरांनी पाहिले असेल, त्यांना सुक्या गोदीची कल्पना समुद्र न पाहताही येईल. यंत्राचे अंतरंग उघडे करावयाचे, भाग न् भाग तपासावयाचा आणि दाखला हाती पडल्यावरच ते मोकळे सोडावयाचे, हा रिवाज उभय ठिकाणी एकच. भेद एवढाच, की विमान हँगरात शिरले की वैमानिक घरी जातो, आणि जहाज गोदीत शिरले तरी खलाशांचे बिऱ्हाड त्याच्या पोटातच राहते. तेथील साऱ्या मनस्तापाचे मूळ यातच आहे.

सुक्या गोदीची ही विद्या मुंबईस जुनी. लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली १७५० च्या सुमारास तेथे झालेली सुकी गोदी आशियातील पहिली समजली जाते. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. १९१४ मध्ये मुंबईतच खुली झालेली ह्यूजेस ही सुकी गोदी १००० फूट लांब आणि १०० फूट रुंद आहे.

गोदीच्या तळाशी जहाजाच्या आराखड्याबरहुकूम ठोकळे मांडलेले असतात. जहाज आत आल्यावर दार लागून पाणी उपसणारे पंप सुरू झाले, की पाण्याने पेललेला हजारो टनांचा भार हळूहळू त्यांवर टेकतो. ती घटका तोलाच्या दृष्टीने अत्यंत नाजूक. ती निभावली की कप्तानाची चिंता मिटते आणि खलाशांची आपदा सुरू होते.

जहाजाची यंत्रे समुद्राच्याच पाण्यावर थंड राहतात. तेच नाहीसे झाल्याने जनित्रे थांबतात, वीज किनाऱ्यावरून घ्यावी लागते, आणि ती अपुरी पडली की प्रथम वातानुकूलनावर गदा येते. सांडपाणी गोदीत सोडण्यास मनाई, म्हणून शौचालये कुलूपबंद. मे महिन्याच्या मध्यरात्री पोट बिघडलेल्या माणसाने शिड्या उतरून, केबली आणि होसपाइपांच्या गुंत्यातून वाट काढीत गोदीचा काठ गाठावा. दिवसा तळाचे शिंपले, शेवाळ आणि गंज खरवडणारा ग्रिटचा झोत अखंड चालतो, त्याची धूळ भाताच्या ताटापर्यंत येते. टाकीत वेल्डिंग करावयाचे तर आत ज्वालाग्राही वायू नसल्याचा दाखला हवा, मग परवाना. तोवर ठेकेदाराचा वेल्डर दुसऱ्या जहाजावर गेला आणि दाखल्याची मुदत सरली, की पुनश्च हरिॐ! माणसे ठेकेदाराची, हुकूम मुकादमाचा, घाई मालकाची. जाब मात्र जहाजाच्या अभियंत्याने द्यावयाचा.

मालवाहू जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा तपासलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे गोदीची पाळी अवचित येत नाही. आणि जी येणार हे ठाऊक आहे तिची तजवीज आधी करता येते. पहाऱ्यापुरते लोक जहाजावर ठेवून बाकीच्यांना तेवढे दिवस किनाऱ्यावर खोल्या घेऊन देणे, हे मालकांचे कर्तव्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगाच्या पिंपांचा हिशेब जेथे बारकाईने होतो, तेथे माणसाच्या झोपेचाही व्हावा.

सुटकाही सहजासहजी नाही. तेल-पाण्याच्या टाक्यांतील वजन आत येतेवेळी होते तसेच आहे, अथवा बदल हिशेबात धरला आहे, याची खातरजमा झाल्यावरच पाणी आत घेतात. ते समुद्रझडपांच्या वर चढले की भरणे थांबवून इंजिनखोलीतील माणसे हातात बॅटरी घेऊन एकेक झडप न्याहाळतात, आणि एखादी पाझरताना आढळली, तर पंप पुन्हा सुरू होतात नि त्या दिवसाची भरती हातची जाते.